जमिनीखालची तयार मैलापंप-टाकी: पंपांना पूर्ण गुण, अँकरिंगला निम्मे

मी सांडपाण्याचे पंप बसवते, आणि बसवल्यानंतर त्यांची देखभालही बहुतेक वेळा माझ्याकडेच असते. त्यामुळे टाकी पहिल्या दिवशी किती चकचकीत दिसते याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. भूजल जमिनीलगत आलेलं असताना ती पुरली तिथेच बसून राहते का, म्हणजे तिचं अँकरिंग (जमिनीत पक्कं धरून ठेवणं) कसं आहे, हे मी बघते. आज ज्या मालाबद्दल लिहितेय तो म्हणजे जमिनीत पुरायची तयार पंप-टाकी: एचडीपीईची (एक प्रकारचं टिकाऊ प्लास्टिक), १.२ मीटर व्यासाची, ३ मीटर खोल, आत मैला कापून ढकलणारे दोन सबमर्सिबल पंप, पंप वर-खाली करायचे गाइड रेल, पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारे फ्लोट स्विच, आणि तळाशी बाहेरच्या बाजूने टाकीभोवती फिरणारी १५० मिलिमीटर रुंदीची कॉलर. अशी घडण बऱ्याच कंपन्यांची जवळपास सारखीच असते, म्हणून नाव घेत नाही.

पंपांचं आधी उरकते, कारण तिथे तक्रारीला जागा नाही. साखळीने ओढला की पंप गाइड रेलवरून सरळ वर येतो, आणि खाली सोडला की स्वतःच्या वजनाने डिस्चार्जच्या (बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या) बाकावर बसून जोडणी घट्ट होते. टाकीत माणूस उतरवावा लागत नाही. अशा बंद टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि माणूस सावध व्हायच्या आत बेशुद्ध पडतो, म्हणून या एका सोयीसाठीसुद्धा मी असा संच सुचवेन. दोन्ही पंप आळीपाळीने चालतात, कटर चिंध्या व्यवस्थित कापतो, बेअरिंगचा आवाज नाही. पूर्ण गुण.

आता खरा विषय. पंप निवडताना सगळे हेड (पाणी किती उंच चढवतो ते) बघतात, लिटर बघतात, वीज किती खातो ते विचारतात. टाकीच्या बुडाखाली काय आहे हे क्वचित कुणी विचारतं. रिकामी बादली सरळ धरून पाण्यात दाबून बघा, हात किती जोराने वर ढकलला जातो ते कळेल. या टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर. पाणी जमिनीच्या पातळीला आलं की टाकी ३.३९ घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिला वर ढकलणारं बल सुमारे ३.४ टन. रिकाम्या टाकीचं स्वतःचं वजन साधारण २०० किलो. पंपांचं वजन या हिशेबात धरायचं नाही, कारण दुरुस्तीच्या दिवशी तेच वर काढलेले असतात. आतल्या सांडपाण्याचं वजनही धरायचं नाही, कारण सफाईच्या दिवशी ते नसतं. म्हणजे तीन टनांहून जास्त ओढ बाहेरून कुणीतरी धरून ठेवायला हवी.

कंपनीचं माहितीपत्रक म्हणतं की कॉलर टाकीला जोडूनच दिलेली आहे, त्यामुळे 'साधारण जमिनीत' वेगळं काँक्रीट लागत नाही. या वाक्यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे, आणि तो आकड्यांनी मांडते. कॉलरवर मातीचं एक कडं बसतं. कॉलर धरून बाहेरचा व्यास १.५ मीटर होतो, तेव्हा त्या कड्याचं क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटर. भूजल दीड मीटर खाली असताना वर ढकलणारं बल १.७ टन असतं. कड्यातली वरची दीड मीटर माती ओलसर पण पाण्याबाहेर, घनमीटरला १.७ टनाच्या आसपास. खालची दीड मीटर पाण्यात, तिचं परिणामकारक वजन (पाणी उचलून धरतं तो भाग वजा जाता उरणारं) ०.९ टनाच्या आसपास. दोन्ही मिळून जवळपास २.५ टन, आणि टाकीचे २०० किलो. सुरक्षितता, म्हणजे ओढीच्या तुलनेत धरणारं वजन, दीडपट. इथवर माहितीपत्रक बरोबर आहे.

मग पूर येतो, किंवा नुसता सलग पाऊस पडतो, आणि पाणी जमिनीला टेकतं. वर ढकलणारं बल दुप्पट होऊन ३.४ टन झालं, आणि त्याच वेळी कड्यातली सगळी माती पाण्याखाली गेल्यामुळे तिचं परिणामकारक वजन घसरून १.७ टनांवर आलं. ओढ वाढली आणि धरणारं वजन घटलं, दोन्ही एकाच पाण्यामुळे. टाकीचं वजन मिळवूनही १.९ टन होतात. ती टाकी तिथे राहणार नाही. भिंतीच्या घर्षणाने थोडा आधार मिळतो हे खरं, पण गुळगुळीत प्लास्टिक आणि नव्याने भरलेली ओली माती यांच्यातल्या घर्षणावर मी कुणाचं सांडपाणी सोपवणार नाही. 'साधारण जमीन' हा शब्द माहितीपत्रकातून काढून तिथे भूजलाची सर्वांत वरची संभाव्य पातळी किती धरली आहे तो आकडा छापायला हवा.

एक दिलासा आहे. पुराचं पाणी झाकणाच्याही वर चढलं तर उचलणारं बल आणखी वाढत नाही. टाकी पूर्ण बुडाली की बाजूला सारलेलं पाणी तेवढंच राहतं. वर एक मीटर पाणी असो की तीन. वाढतो तो भिंतीवरचा आणि झाकणावरचा दाब. म्हणून पाणी जमिनीच्या पातळीला धरून अँकरिंगचा हिशेब केला की पुराचाही हिशेब बहुतेक झालेला असतो. जमिनीवर वर आलेला गळ्याचा भाग असेल तर तेवढं आकारमान मात्र मिळवायचं.

सोबत येणाऱ्या बसवणुकीच्या पुस्तिकेत काँक्रीटचे दोन पर्याय दिले आहेत. पहिला, खड्ड्यात आधी पाया ओतायचा, तो पक्का झाला की टाकी वर ठेवून कॉलरच्या भोकांतून बोल्ट घ्यायचे. दुसरा, टाकी पीसीसीच्या (बिनसळईच्या काँक्रीटच्या) थरावर ठेवून तिच्याभोवती कॉलरसकट काँक्रीटचं कडं ओतायचं. दोन्ही चालतात. पण पुस्तिकेतल्या तक्त्यात काँक्रीटचं वजन घनमीटरला २.४ टन धरलं आहे, आणि ही चूक गंभीर आहे. ते काँक्रीटसुद्धा पाण्यातच बसणार आहे. तिथे त्याचं वजन १.४ टन उरतं. १.२ पट सुरक्षितता हवी असेल तर आपल्या टाकीला टाकीचं वजन वजा जाता ३.९ टन अडकवून ठेवायचे आहेत. तक्त्याप्रमाणे १.६ घनमीटर काँक्रीट पुरतं. प्रत्यक्षात एवढं काँक्रीट पाण्याखाली फक्त २.३ टनांच्या आसपास वजन देतं, आणि ते टाकीच्या वजनासकट ३.४ टनांच्या पुढे कमीच पडतं. नुसत्या काँक्रीटवर भागवायचं तर २.८ घनमीटर लागेल.

इतकं काँक्रीट ओतावंच लागतं असं मात्र नाही. मला आवडतो तो मार्ग मातीला कामाला लावायचा. १.८ मीटर बाजूचा, ३०० मिलिमीटर जाडीचा चौरस पाया घ्या. त्याचं काँक्रीट एक घनमीटरही होत नाही, पाण्यात वजन १.३६ टन. पण टाकीच्या बाहेर जो भाग उरतो त्यावर २.१ चौरस मीटरची, तीन मीटर उंच माती बसते. पूर्ण पाण्यात धरूनसुद्धा ती साडेपाच टनांवर जाते. सगळं मिळून सात टन, म्हणजे वर ढकलणाऱ्या ३.४ टनांच्या दुप्पट. पाया रुंद करणं हे जाड करण्यापेक्षा केव्हाही फायद्याचं, फक्त सळई नीट हवी, कारण बाहेर आलेल्या कडेवर माती वरून दाबते आणि टाकी मध्यातून वर ओढते. पुस्तिकेत सळईचा आराखडा नाही. निदान दोन आकारांसाठी तो द्यायला काय हरकत होती?

हा पाया बाहेर ओतून, पक्का करून, क्रेनने खाली सोडता येतो, आणि खड्ड्यात सतत पाणी झिरपत असेल तर तसंच करावं. वाहत्या पाण्यात ओतलेल्या काँक्रीटमधलं सिमेंट धुऊन जातं. वरून ठीक दिसणारा पाया आत पोकळ निघतो. एवढा स्लॅब हवेत जवळपास अडीच टन भरतो, तेव्हा क्रेन आणि उचलायचे हूक आधी ठरवून ठेवा.

मग येतात बोल्ट, आणि इथे मी या संचाचे सगळ्यात जास्त गुण कापते. पाया कितीही जड असो, टाकी आणि पाया यांच्यामधली जोडणी ती सगळी ओढ वाहते. पाणी टाकीच्या तळाखाली शिरलं की बोल्टांवर ३.२ टन येतात. आठ बोल्ट असतील तर सारखी वाटणी धरून प्रत्येकावर ४०० किलो, आणि वाटणी सारखी कधीच नसते. स्टीलला हे ओझं काहीच नाही. प्रश्न प्लास्टिकचा आहे. संचात साधे गोल वॉशर येतात. एचडीपीई मऊ असतं आणि सततच्या ओझ्याखाली हळूहळू सरकत जातं. छोटा वॉशर महिनोन्महिने एकाच जागी ओढत राहिला तर भोक मोठं होतं आणि नट आरपार यायला लागतो. मी प्रत्येक बोल्टाला १० मिलिमीटर जाडीची चौकोनी स्टेनलेस पट्टी घालते. त्याहून चांगलं म्हणजे कॉलरवर कमानीसारखे वळवलेले पट्टीचे तुकडे ठेवून दोन-दोन बोल्ट एका तुकड्यातून घ्यायचे. शिवाय आलेले बोल्ट पातळ झिंक चढवलेले होते. सतत ओल्या, कधी क्षारयुक्त जमिनीत ही झिल्ली किती टिकणार? ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, आणि पट्टीही त्याच धातूची, नाहीतर दोन वेगळ्या धातूंमध्ये गंज लवकर धरतो. पुरल्यानंतर हे बोल्ट कुणालाही परत दिसणार नाहीत, म्हणून भराव टाकण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढून फाइलला लावावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

जागा असेल तर मी बोल्ट आणि कडं दोन्ही करते: बोल्टांनी टाकी जागेवर धरायची आणि मग कॉलर पूर्ण झाकेल असं काँक्रीटचं कडं ओतायचं. कॉलर काँक्रीटमध्ये गाडली गेली की ओढ पूर्ण परिघावर पसरते. पण कडं ओततानाच टाकी उचलली जाऊ शकते, आणि याबद्दलचा पुस्तिकेतला सल्ला अपुरा आहे. ती म्हणते, काँक्रीटच्या पातळीएवढं पाणी टाकीत भरा. ओलं काँक्रीट द्रवासारखं वागतं आणि पाण्याच्या जवळपास अडीचपट जड असतं. अर्धा मीटर उंचीचं कडं एका दमात ओतलं तर ते टाकीला १.३६ टनांपर्यंत वर ढकलू शकतं. अर्ध्या मीटर पाण्याचं वजन आणि टाकीचं वजन मिळून पाऊण टनाच्या थोडं वर. ज्यांनी बोल्ट घेतलेले नाहीत त्यांची टाकी डोळ्यांदेखत तिरकी होईल. निदान सव्वा मीटर पाणी भरा, काँक्रीट दोन थरांत ओता, पहिला थर घट्ट होईपर्यंत थांबा, आणि चारही बाजूंनी सारखं ओता.

खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप कधी बंद करायचा, यावरही पुस्तिकेत जेमतेम एक ओळ आहे. काँक्रीट झालं, सगळे दमले, पंप बंद करून घरी गेले, रात्रीत पाणी वर आलं. ही या कामातली नेहमीची दुर्घटना आहे. पायावर माती पडलेली नसताना आपला तो १.८ मीटरचा स्लॅब एकटा टाकीला धरू शकत नाही, हे वरच्या आकड्यांतच आहे. भराव पूर्ण उंचीपर्यंत होईपर्यंत उपसा चालू ठेवायचा, दुसरा पंप आणि त्याची वीज तयार ठेवायची, आणि टाकी पाण्याने भरून ठेवायची. भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर ठोकून, टाकीभोवती सारख्या उंचीने चढवायचा. चिकण मातीची ढेकळं परत ढकलू नका. बारीक खडी किंवा भरड वाळू घ्या. एका बाजूने भराव ढकलला की गोल टाकी अंडाकृती होते, आणि मग गाइड रेल समांतर राहत नाहीत. पंप अर्ध्यात अडकतो किंवा बाकावर नीट बसत नाही. दोन दिशांनी टेप लावून आतला व्यास मापत राहिलं की हे वेळीच लक्षात येतं.

या टाकीच्या बांधणीला मात्र मनापासून दाद देते. तळ दुहेरी आहे आणि मध्ये रिब्स (मजबुतीच्या पट्ट्या) आहेत. तीन मीटर खोलीवर भूजल तळाला चौरस मीटरमागे तीन टनांनी वर दाबतं. सपाट एकेरी तळ असलेल्या स्वस्त टाक्यांमध्ये तो मध्ये फुगतो, डिस्चार्जचा बाक कलतो, जोडणीतून पाणी गळतं आणि पंप तेच पाणी टाकीतल्या टाकीत फिरवत बसतो. वीजबिल वाढतं आणि कारण सापडत नाही. या टाकीत तो त्रास नाही.

काही जण मला विचारतात, मग सरळ आरसीसीचं चेंबर का नको, ते तर जड असतं. त्याचाही हिशेब घाला. आतला व्यास १.२ मीटर, भिंत १५० मिलिमीटर, तळ २०० मिलिमीटर. वरचा स्लॅब सोडून वजन ५.६५ टन. बाजूला सारलेलं पाणीही ५.६५ टन. अगदी काठावर. जड दिसतं म्हणून ते तरंगणार नाही असं समजून कॉलरशिवाय बांधलेली चेंबर्ससुद्धा वर येतात. त्यात सांधे आले, सांध्यांतून भूजल आत झिरपणं आलं, आणि मैल्यातल्या वायूने काँक्रीट खाणं आलं. पाया नीट केला तर प्लास्टिकची टाकी मला जास्त पटते.

पाइपांच्या बाबतीत संच चांगला आहे. इनलेट (आत येणारा पाइप) आणि डिस्चार्ज दोन्हीला रबरी लवचीक कपलिंग येतात. टाकी थोडी जरी हलली तरी पहिला आघात पाइपावर होतो. १:६० उताराच्या इनलेट पाइपात एका मीटरला १७ मिलिमीटर उतार असतो. टाकी २० मिलिमीटर वर आली की शेवटच्या मीटरचा उतार उलटा झाला. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त पाइप तुंबायला लागतो. म्हणून भिंतीजवळ एक छोटा पाइपाचा तुकडा दोन लवचीक सांध्यांमध्ये ठेवावा. बसवल्यावर झाकणाच्या कडेची पातळी एखाद्या पक्क्या खुणेपासून मोजून लिहून ठेवावी, आणि दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा तपासावी.

झाकणाचं गॅस्केट जाड आहे, बोल्ट पुरेसे आहेत. पण केबल बाहेर काढायच्या नळीला ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारी जोडणी) दिलेली नाही, नुसतं भोक आहे. पुराचं पाणी त्या नळीतून टाकीत उतरतं, आणि एरवी टाकीतला वायू त्याच नळीतून कंट्रोल पॅनलपर्यंत चढून तांब्याचे संपर्क काळे करतो. ग्लँड वेगळी आणून बसवा आणि पॅनल पुराच्या पातळीच्या वर घ्या. हवेच्या नळीचं वाकवलेलं तोंडही तितकंच वर हवं. संचातली नळी आखूड आहे.

आणि एक मोठी उणीव, जी दूर करायला कंपनीला काही खर्च नाही. या टाक्या बहुतेक वेळा पुराच्या आधीही वर येत नाहीत आणि पुरातही येत नाहीत. पूर ओसरल्यावर, जमीन पाण्याने पूर्ण भरलेली असताना कुणीतरी सफाईसाठी सक्शन टँकर बोलावतो आणि टाकी तळापर्यंत रिकामी करतो, तेव्हा त्या वर येतात. अँकरिंग कमकुवत असेल तर आतलं सांडपाणीच तिला खाली धरून असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक ठळक पट्टी हवी: भूजल वर असताना टाकी रिकामी करू नका. ती नाही. मी स्वतः रंगवून लिहिते, पंप किती पातळीपर्यंत उपसतो तो आकडाही खाली टाकते.

कोणी घ्यावी? भूजल बाराही महिने तळाच्या खाली राहतं अशा जागी डोळे मिटून घ्या, पंप आणि बांधणी दोन्ही उत्तम आहेत. जिथे खोदताना पाणी लागतं तिथेही घ्या, पण कॉलर २५० मिलिमीटर रुंद करून मिळते का ते ऑर्डर देण्याआधी विचारा, बोल्ट-वॉशर संचातले न वापरता बाहेरून आणा, आणि पायाचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. विक्रेत्याकडे उत्प्लावनाचं (पाण्याने वर उचललं जाण्याचं) गणित लेखी मागा, त्यात भूजल जमिनीच्या पातळीला आणि टाकी रिकामी धरलेली असली पाहिजे. वॉरंटीचा कागदही तेव्हाच वाचा: माझ्याकडे आलेल्या संचात टाकी वर येऊन झालेलं नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे.